सूर्यघटाची बैठक

कऱ्हाड स्टेशनाजवळची ओगलेवाडी सातारा जिल्ह्यांत, तर त्याच लोहमार्गावरची किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यांत. दोन्हींस औंध संस्थानानें जागा दिली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं आपला कारखाना तेथें आणला व लोखंडी नांगर खेड्यापाड्यांत पोंचविला. ओगले बंधूंचा कांचकारखाना १९१६ सालीं निघाला व त्यांचा प्रभाकर कंदील पुढें घरोघर लागला. एकाचा माल लोखंड, दुसऱ्याचा कांच. सूर्यप्रकाशाची वीज करणाऱ्या पातळ घटांचा इतिहास पाहूं गेल्यास याच दोन पदार्थांची चढाओढ त्यांत दिसते, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

१९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चॅपिन, फुलर व पिअर्सन यांनीं सिलिकॉनचा पहिला उपयुक्त घट दाखविला. अंगावर पडलेल्या प्रकाशापैकीं सुमारें सहा टक्क्यांची तो वीज करी. हा घट म्हणजे स्फटिकाची चकती. ठिसूळ, परंतु स्वतःच्या बळावर उभी राहणारी. पातळ घटाचें तसें नव्हे. त्याचा मुख्य थर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे केसाहूनही कितीतरी बारीक. रांगोळीला जशी सारवलेली जमीन, तशी त्याला बैठक लागते. आणि बैठक जितकी उष्णता सोशील तितक्याच उष्णतेवर थर चढवितां येतो. सारें त्रांगडें येथेंच आहे.

तांबें, इंडियम, गॅलियम व सेलेनियम यांच्या संयुगाचा घट घ्या. तो चांगला उतरावा म्हणून पांचशें अंशांहून अधिक उष्णता देत. बैठक म्हणून खिडकीची साधी कांच वापरीत, ती स्वस्त म्हणून. १९९३ च्या सुमारास ध्यानांत आलें कीं, सोडा नसलेल्या भारी कांचेवरील घटांपेक्षां या साध्या कांचेवरचे घट अधिक वीज देतात. वाळू व चुनखडीबरोबर जो सोडा कांचेंत वितळवितात, त्यांतलें सोडियम तापल्या बैठकींतून वर चढतें आणि थराचा गुण वाढवितें! जिला केवळ आधार मानलें होतें ती कांच घटाची भागीदार निघाली.

पुढें घट वळावा म्हणून पोलादाचा पातळ पत्रा घेतला. त्याला उष्णतेची भीति नाहीं. पण त्यांतलें लोखंड वर शिरून थर नासवितें, म्हणून मध्यें आडपडदा घालावा लागतो. शिवाय कांच गेली तसें सोडियमही गेलें. तें निराळें पुरवावें लागतें. पॉलिइमाइड नांवाचें प्लॅस्टिक हलकें व निर्मळ, परंतु साडेचारशें अंशांच्या पुढें तें तग धरीत नाहीं. स्वित्झर्लंडमधील एम्पा या संस्थेंत अयोध्या तिवारी यांच्या मंडळींनीं कमी उष्णतेची कृति बसवून २०१३ सालीं अशा प्लॅस्टिकवर २०.४ टक्क्यांचा घट करून दाखविला.

कमी उष्णतेचा हा प्रश्न आपल्या भागाला परका नाहीं. सातारा व सांगली ज्याच्या कक्षेंत येतात त्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत (स्थापना १९६२) पातळ थरांचें संशोधन कित्येक वर्षें चाललें आहे. तेथें निर्वात यंत्रांच्या थाटावांचून भागविण्याच्या रीती हाताळल्या गेल्या. रसायनांच्या द्रावणांत कांचपट्टी उभी करावयाची; पाणी उकळण्याच्या आंतील उष्णतेवर तिच्यावर थर धरतो. सी. डी. लोखंडे यांनीं या रीतीचा विस्तृत आढावा १९९१ सालीं प्रसिद्ध केला. तप्त कांचेवर द्रावण फवारण्याच्या रीतीचा आढावा पी. एस. पाटील यांनीं १९९९ सालीं घेतला. जी कृति उकळत्या पाण्याच्या आंत उरकते तिला पोलादही चालतें, प्लॅस्टिकही चालतें. एवढ्यावरून स्वस्त घट हाताशीं आला असें मात्र कोणीं समजूं नये. कॅडमियम सल्फाइडच्या वरच्या बारीक थरापुरती ही रीत उत्तम; खालचा, प्रकाश शोषणारा थर नीट वठावयाचा तर बहुधा भाजणी लागतेच.

कांचेचा सौरपट्ट चौरस मीटरला दहा-बारा किलो भरतो. जुन्या गोठ्याचें किंवा गुऱ्हाळाचें पत्र्याचें छप्पर तो पेलीलच असें नाहीं. हलका, वळणारा पट्ट तेथें चिकटवितां येईल. पण पाण्याची वाफ कांचेंतून जात नाहीं, प्लॅस्टिकमधून जाते, आणि दमटपणानें हा थर बिघडतो. म्हणून वरून वाफ अडविणारें महागडें आवरण घालावें लागतें. त्यांतच स्फटिक सिलिकॉन इतकें स्वस्त झालें कीं, पातळ घटांच्या कांहीं कारखान्यांना टाळें लागलें. पाटण-कोयनेकडच्या पावसांत तें आवरण किती वर्षें टिकतें, यावरच त्या छपरावर कांच चढावयाची कीं प्लॅस्टिक, हें ठरावयाचें आहे.