वळूची परीक्षा : लक्षणग्रंथांपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत

पशुधनाचा इतिहास हा आमच्या संशोधकांनीं बहुधा उपेक्षिलेला विषय आहे. सनदा, ताम्रपट व शिक्के यांकडे जितकें लक्ष गेलें, त्याच्या दशांशही गोठ्याकडे गेलें नाहीं. वस्तुतः शेतसाऱ्याचा आधार नांगर व नांगराचा आधार बैल. तेव्हां उत्तम वळू कोणता, हें पूर्वजांनीं कसें ठरविलें व आज कसें ठरवितात, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा नव्हे. आम्ही राहतों तो गारखेडा पूर्वीं स्वतंत्र गांव होता. आतां तो छत्रपति संभाजीनगर शहरांत सामावला आहे. याच शहराच्या उत्तरेस हर्सूल येथें गोठित वीर्याची सरकारी प्रयोगशाळा आहे. या सान्निध्यामुळें प्रस्तुत विषयाकडे आमचें लक्ष वेधलें.

प्रथम जुनीं साधनें पाहूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील गोऽध्यक्षप्रकरणांत शंभर गाईंच्या कळपास चार वृषभ व शंभर शेळ्यामेंढ्यांस दहा नर असें प्रमाण सांगितलें आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत गाईबैलांच्या लक्षणांस स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत परीक्षा आहे ती बाह्य अवयवांची. प्रत्यक्ष शुक्राची परीक्षा पाहावयाची तर वैद्यकाकडे वळावें लागतें. चरकानें दूषित शुक्राचे आठ प्रकार सांगितले असून त्यांत फेसाळपणा, पातळपणा, विवर्णता व दुर्गंधि यांची गणना आहे. सुश्रुतानें शुद्ध शुक्र स्फटिकासारखें, द्रव व स्निग्ध म्हटलें आहे. अर्थात् हा विचार मनुष्याविषयींचा आहे, पशूंविषयींचा नव्हे. आणि तो उघड्या डोळ्यांस दिसेल तेवढ्याचाच आहे.

नुसत्या डोळ्याची ही मर्यादा १६७७ सालीं ओलांडली गेली. त्या वर्षीं हॉलंडमधील लेव्हेनहूक यानें आपल्या भिंगाखालीं शुक्रजंतु पाहिले. पुढें १७८० सालीं इटालियन शास्त्रज्ञ स्पालान्झानी यानें एका कुत्रीवर कृत्रिम रेतनाचा प्रयोग यशस्वी केला. हिंदुस्थानांत हा प्रयोग संपतकुमारन् यांनीं १९३९ सालीं म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धालयांत केला. १९४९ सालीं इंग्लंडांत पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनीं ग्लिसरीनच्या योगें वीर्य गोठवूनही जंतु जिवंत राखतां येतात, हें दाखविलें. महाराष्ट्रांत ही विद्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्याचें मोठें श्रेय मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळी कांचन येथें स्थापिलेल्या ‘बाएफ’ संस्थेस द्यावें लागतें.

आतां प्रत्यक्ष परीक्षेचा क्रम असा. वळूचें वीर्य घेतल्याबरोबर त्याचें माप, रंग व दाटपणा पाहतात. येथवर चरकाचीच वाट आहे. मग ऊन राखलेल्या कांचेवर थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकांतून जंतूंच्या समूहाची लाट व पुढें सरळ धांवणाऱ्या जंतूंचें शेंकडा प्रमाण पाहतात. प्रकाशमापकानें त्यांची दाटी मोजतात. इओसिन व निग्रोसिन या रंगांचा लेप दिला असतां मृत जंतु तांबूस होतात, जिवंत पांढरे राहतात. डोकें वा शेंपूट विकृत असलेलेही यांत ओळखूं येतात. नंतर अंड्याचा बलक व ग्लिसरीन असलेल्या द्रवांत वीर्य मिसळून पाव मिलिलिटरच्या कांड्यांत भरतात व उणें १९६ अंशांच्या द्रव नत्रवायूंत ठेवतात. शेवटची कसोटी पुढेंच आहे : नमुन्याची कांडी ३७ अंश उष्ण पाण्यांत वितळवून पाहतां निम्मे तरी जंतु चालते आढळले पाहिजेत, नाहीं तर तो सर्व सांठा टाकून देतात. प्रत्येक मात्रेंत दोन कोटि जंतु असावेत, असा केंद्र सरकारचा दंडक आहे.

या संख्येचा अर्थ लक्षांत घ्यावा. पांच मिलिलिटर वीर्यांत दर मिलिलिटरास शंभर कोटि जंतु धरले, तर एका वेळच्या वीर्यापासून अडीचशें मात्रा होतात. कौटिल्याच्या मानानें शंभर गाईंस चार वृषभ लागत. येथें एका वळूचें एकवेळचें वीर्य अडीचशें गाईंस पुरतें. गुण जसा पसरेल, तसा दोषही पसरेल. शिवाय सूक्ष्मदर्शक सांगतो तें जंतूंच्या सामर्थ्याविषयीं. वळूच्या मातेनें दूध किती दिलें, तिचा वंश शुद्ध देवणी, शुद्ध लाल कंधारी कीं संकरित, याविषयीं तो मूक आहे. एखाद्या कुलक्षणी वळूचे जंतुही उत्तम धांवूं शकतात. मराठवाड्याच्या या दोन्ही जातींची शुद्धता राखणें आहे, तर परीक्षेचें दुसरें अर्धांग वंशावळ हेंच होय. आणि वंशावळ ही थेंबांत नव्हे, कागदांत असते.

येथेंच आमचा व वाचकांचा संबंध येतो. प्रत्येक कांडीवर वळूचा क्रमांक, जात, केंद्र व तारीख छापलेली असते. पोथीच्या शेवटीं लेखक, शक व स्थळ सांगणारी पुष्पिका असते, तशीच ही. रेतन झालें कीं कांडी फेंकली जाते. राहते ती वहींतील नोंद. गांवोगांवच्या जुन्या नोंदवह्या, वळूंचे दाखले व पशुप्रदर्शनांचे निकाल अशा कागदांची गणना आम्ही अद्याप रद्दींत करतों. मोडी दफ्तरांचीही गणना एके काळीं रद्दींतच होत होती, व त्यांतील कित्येक वाण्याच्या पुड्यांत गेलीं, हें विद्वान् संग्राहकांस सांगणें नलगे. तीच चूक पुन्हा न व्हावी, एवढ्याकरितां हा लेखनप्रपंच.