पुतेओलीचे परदेशी रहिवासी

नेपल्सला जाणारे बहुतेक प्रवासी दोन नावं मनाशी धरून जातात, पॉम्पेई आणि काप्री. त्याच आखातावर, नेपल्सच्या पश्चिमेला, पोत्सुओली नावाचं बंदराचं गाव आहे. नेपल्सहून मेट्रोने तिथे सहज जाता येतं. पण बरेच जण तिथे उतरतात ते प्रोचिदा किंवा इस्किया बेटाची बोट पकडायला, आणि गाव न पाहताच पुढे जातात. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी मात्र या गावासाठी एक दिवस राखून ठेवावा. दोन हजार वर्षांपूर्वी इथे परदेशी व्यापाऱ्यांच्या वसाहती होत्या. त्या कशा जगल्या आणि कशा विरळ होत गेल्या, याचा लेखी पुरावा आजही उपलब्ध आहे.

रोमन काळात या गावाचं नाव पुतेओली होतं. मुळात ही ग्रीकांची वस्ती. इ.स.पू. १९४ मध्ये रोमनांनी इथे आपली वसाहत केली. रोम शहराजवळ मोठ्या जहाजांना सुरक्षित नांगर टाकता येईल असं बंदर तेव्हा नव्हतं. त्यामुळे इजिप्तचा गहू घेऊन अलेक्झांड्रियाहून निघणारा ताफा इथे येई आणि इथून माल रोमला जाई. या परिसरातली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की तिचं काँक्रीट पाण्याखालीही घट्ट होतं. तेच वापरून रोमनांनी समुद्रात लांबलचक धक्का बांधला. अशा राखेला आजही या गावावरूनच ‘पोत्सोलाना’ म्हणतात.

तत्त्वज्ञ सेनेकाने एका पत्रात हा ताफा येण्याचा दिवस वर्णन केला आहे. काप्री बेट आणि समोरचं भूशिर यांच्यामधून आत शिरताना वरचं शीड उभारलेलं ठेवण्याची मुभा फक्त अलेक्झांड्रियाच्या जहाजांना होती. ते शीड दिसलं की सगळं गाव धक्क्यावर जमा होई. इ.स. १४ मध्ये म्हातारा सम्राट ऑगस्टस या आखातातून जात असताना अशाच एका जहाजावरचे लोक पांढरे कपडे घालून, धूप जाळत त्याला वंदन करायला आले, असं चरित्रकार सुएटोनियस सांगतो. तुमच्यामुळेच आम्ही जगतो, तुमच्यामुळेच समुद्रावर फिरतो, असं ते म्हणाले. खूश झालेल्या सम्राटाने आपल्या सोबत्यांना सोन्याची नाणी वाटली, पण अट घातली की ती अलेक्झांड्रियाच्या मालावरच खर्च करायची. मग तो चार दिवस काप्रीवर राहिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो वारला. त्याचा वारस टायबेरियस याने आयुष्याची शेवटची दहा वर्षं काप्रीवरच काढली. बेटाच्या पूर्व टोकाला कड्यावर असलेले त्याच्या ‘व्हिला योविस’चे अवशेष पाहायला चांगलीच चढण चढावी लागते.

अलेक्झांड्रियाच्या या मालात आपल्याकडचाही माल असे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, ही दख्खनची मोठी बाजारपेठ असल्याचं लिहिलं आहे. तिथून बैलगाड्यांनी माल भरुचला जाई. पुढे तांबडा समुद्र, नाईल नदी, अलेक्झांड्रिया आणि मग पुतेओली. पॉम्पेईत १९३८ साली एका घरात हस्तिदंताची छोटी भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. लोक तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात, बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. याच धाटणीच्या हस्तिदंती मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. म्हणून ही मूर्ती आपल्या मराठवाड्यातून गेली असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे. ती आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

गंमत अशी की भारताच्या व्यापारापायी रोमचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्सेस जातात, अशी तक्रार करणारा थोरला प्लिनी याच आखातावर, मिसेनोला, आरमाराचा प्रमुख होता. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा तो तिथूनच जहाजं घेऊन लोकांच्या मदतीला निघाला आणि पलीकडच्या किनाऱ्यावर मरण पावला. त्याच उद्रेकात पॉम्पेईबरोबर ती मूर्तीही गाडली गेली.

माल आला की माणसंही येतात. पेट्राकडचे नबाती व्यापारी पुतेओलीत स्थायिक झाले आणि त्यांनी आपल्या दुशारा देवाचं मंदिर इथे बांधलं. त्याला दोन उंट अर्पण केल्याचा नबाती लिपीतला लेख सापडला आहे. मंदिराच्या वेदी मात्र लॅटिन अक्षरांच्या आहेत. देव घरचा आणि पाटी गावच्या भाषेत, ही तडजोड आपल्याला काही नवी नाही. संत पॉल कैदी म्हणून रोमला नेला जात असताना इथे उतरला. त्याआधीच इथे ख्रिस्ती बांधव होते आणि त्यांनी त्याला सात दिवस ठेवून घेतलं, असं बायबलमध्ये आहे.

यातला सर्वांत बोलका पुरावा टायरच्या लोकांचा. टायर हे आजच्या लेबनॉनमधलं बंदर. तिथल्या व्यापाऱ्यांचं पुतेओलीत एक केंद्र होतं. तिथे गाठीभेटी होत, व्यापार चाले, कुलदैवतांची पूजा होई. २३ जुलै १७४ रोजी त्यांनी मायदेशीच्या नगरसभेला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: आमचं केंद्र इथल्या इतर केंद्रांपेक्षा मोठं आणि देखणं आहे. पूर्वी इथे टायरचे लोक पुष्कळ होते, श्रीमंतही होते, त्यामुळे खर्च निघत असे. आता आम्ही थोडेच उरलो आहोत. देवांची पूजाअर्चा आणि गावच्या उत्सवाचा वाटा भागवता भागवता जागेचं भाडं देणं जमत नाही. रोमच्या केंद्राला जहाजवाले आणि व्यापारी यांच्याकडून उत्पन्न मिळतं, आम्हाला मिळत नाही. केंद्र टिकावं यासाठी काहीतरी करा.

ज्याने एखाद्या मंडळाची वार्षिक सभा पाहिली आहे, त्याला हे पत्र समजावून सांगावं लागत नाही. सभासद कमी झाले, हॉलचं भाडं वाढलं, गणपतीचा खर्च थांबवता येत नाही आणि शेजारच्या मोठ्या शहरातलं मंडळ मात्र जोरात.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. पत्रात कोणी आळशी झालं, मुलं धर्म विसरली, अशी तक्रार नाही. खरं कारण समुद्रमार्गात होतं. सम्राट क्लॉडियसने टायबर नदीच्या मुखाशी नवं बंदर बांधायला घेतलं आणि ट्राजनने ते वाढवलं. दुसऱ्या शतकात धान्याची जहाजं हळूहळू थेट तिकडे जाऊ लागली. व्यापार गेला, त्यामागून तरुण व्यापारी गेले आणि मागे देवळं व भाड्याची जागा सांभाळणारे उरले. परदेशातल्या वसाहतीचा जीव तिच्या संस्कारांइतकाच पोटापाण्याच्या वाटेवर अवलंबून असतो. आपण मात्र मंडळं ओस पडली की दोष पुढच्या पिढीला देऊन मोकळे होतो.

पुतेओलीची जमीनही स्थिर नाही. ती ज्वालामुखीच्या विवरात वसलेली असल्याने शतकानुशतकं खचते आणि वर येते. बंदराजवळच्या रोमन बाजाराचे तीन संगमरवरी खांब आजही उभे आहेत. त्यांच्यावर बऱ्याच उंचीपर्यंत समुद्री शिंपल्यांनी पाडलेली भोकं आहेत. म्हणजे हे खांब कधीकाळी तितके पाण्यात बुडाले होते आणि पुन्हा वर आले. नबाती मंदिर अजून पाण्याखालीच आहे. शेजारच्या बाया गावी श्रीमंत रोमनांचे बुडालेले वाडे आणि त्यांच्या फरशा काचेच्या तळाच्या बोटीतून पाहता येतात.

गावच्या टेकडीवर ‘रिओने तेर्रा’ ही जुनी वस्ती आहे. जमीन वर येऊ लागली म्हणून २ मार्च १९७० रोजी तिथल्या सुमारे ३,००० लोकांना घाईघाईने घराबाहेर काढलं गेलं. मग त्यांच्या घरांखाली रोमन रस्ते, दुकानं आणि बेकरी सापडली. आज ते सगळं तिकीट काढून पाहता येतं. घरंही दुरुस्त झाली, पण जुनी वस्ती काही परतली नाही. खालच्या रस्त्यांवरून चालताना हे लक्षात असू द्यावं. गाव सोडावं लागायला दर वेळी समुद्र ओलांडावाच लागतो असं नाही.

टायरच्या नगरसभेत ते पत्र वाचलं गेलं. पुतेओलीच्या केंद्राला रोमचं केंद्र नेहमीच आपल्या उत्पन्नातून मदत करत आलं आहे, असं एका सभासदाने सांगितलं. आजवर चालत आलं तसंच पुढे चालावं, असा सभेने कौल दिला. पुतेओलीच्या मंडळींनी आपलं पत्र आणि सभेचं हे इतिवृत्त दोन्ही दगडावर कोरून घेतलं. त्यामुळेच आज आपल्याला त्यांची अडचण कळते. आपल्या अनेक मंडळांची पहिल्या वीस-तीस वर्षांची इतिवृत्तं, हिशेबाच्या वह्या आणि गणेशोत्सवाच्या पत्रिका कोणाच्या तरी तळघरात खोक्यांत पडून आहेत. दगड नको, पण निदान ती खोकी एकदा उघडून त्यांची यादी तरी करायला हवी.