उतारवयातील मांजराचे पोट : दूधभात, पथ्य आणि परीक्षा

चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर हा भाताचा आणि तलावांचा मुलूख. येथील घरांत मांजर पाळले जाते ते बहुधा धान्याच्या कोठीला उंदीर लागू नयेत म्हणून. त्याला खायला मिळतो तो दूधभात, क्वचित तलावातील मासळीचे डोके, काटे आणि बाजाराच्या दिवशी कोंबडीची आतडी. तरुणपणी हा आहार मांजर पचवते, किंवा तसे भासते तरी. वय दहाच्या पुढे गेले की उलट्या सुरू होतात, विष्ठा पातळ होते, अंगावरचे मांस उतरते आणि घरातील मंडळी ‘आता म्हातारे झाले’ म्हणून विषय संपवतात. पण म्हातारपण हे रोगाचे नाव नाही. उतारवयातील मांजराच्या पोटाच्या अनेक तक्रारी आहाराने आटोक्यात येतात. ज्या येत नाहीत, त्यांच्यामागे बहुधा एखादा निश्चित आजार दडलेला असतो. या दोहोंतला फरक ओळखणे हेच पालकाचे खरे काम होय.

मांजराची पचनसंस्था

मांजर हा केवळ सवयीने नव्हे, तर शरीररचनेनेच मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. ते मांसातूनच मिळवावे लागते. टॉरिनच्या अभावाने मांजराचे हृदय विस्फारून दुबळे होते, हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. हा अभाव डोळ्यांच्या पडद्यालाही इजा करतो. त्यामुळे शाकाहारी घरात केवळ दूधभात, पोळी आणि दह्यावर वाढलेले मांजर पोट भरूनही उपाशीच राहते.

दुधाची गोष्ट वेगळी. पिल्लू आईचे दूध पिणे सोडते तसे दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे विकर त्याच्या आतड्यात कमी होत जाते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते, पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. ही अॅलर्जी नव्हे, अपचन आहे. अॅलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या प्रथिनाला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते. असे प्रथिन वर्षानुवर्षे खाल्लेलेही असू शकते. ‘हे तर ते लहानपणापासून खाते’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची अॅलर्जी असलेल्या मांजरांमध्ये गोमांस, मासे आणि कोंबडी ही प्रमुख कारणे आढळली. मांजराला मासे हमखास मानवतात, या समजाला त्यामुळे छेद जातो.

आधी रोग, मग पथ्य

महिन्यातून एखादे वेळी केसांचा गोळा उलटून पडणे फारसे गंभीर नाही. परंतु उलट्या वारंवार होऊ लागल्या, जुलाब दोन-तीन आठवडे टिकले किंवा वजन घटले, तर तपासणीला पर्याय नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा तक्रारी असलेल्या आणि सोनोग्राफीत लहान आतडे जाड दिसलेल्या १०० मांजरांच्या आतड्याचे नमुने तपासले गेले. ९९ मांजरांत आतड्याचा विकार सापडला. जवळपास निम्म्यांत तो जुनाट दाह होता, तर उरलेल्यांपैकी बहुतेकांत कर्करोग. बाहेरून ही दोन्ही दुखणी सारखीच दिसतात.

भूक वाढूनही मांजर वाळत असेल, तर थायरॉइड ग्रंथीच्या अतिक्रियेची किंवा मधुमेहाची शंका घ्यावी. तहान आणि लघवी वाढली, तोंडाला दुर्गंधी आली, तर मूत्रपिंडे तपासावीत. दात किडल्यानेही मांजर अन्नाजवळ जाऊन मागे फिरते. उंदीर मारून खाणाऱ्या मांजरात जंतांची शक्यता कोणत्याही वयात असते. विष्ठेची तपासणी म्हणून सर्वांत आधी करावी.

चिमूरसारख्या तालुक्याच्या गावी पशुवैद्यकाचा बहुतेक वेळ गाई-बैल आणि शेळ्यांत जातो. जंतांचे औषध, सलाइन, प्राथमिक तपासणी येथे होऊ शकते. सोनोग्राफी किंवा थायरॉइडची चाचणी हवी असल्यास सुमारे शंभर किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागते. तेथे सेमिनरी हिल्स भागात १९५८ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. एवढा प्रवास आजारी मांजरासाठी सोपा नाही. म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनीवर वेळ ठरवावी आणि मांजराच्या तक्रारींची लेखी नोंद सोबत ठेवावी.

पथ्याची परीक्षा

अन्नाची अॅलर्जी खात्रीने सांगणारी रक्ताची चाचणी नाही. उपाय एकच : संशयित अन्न पूर्ण बंद करून वेगळे अन्न देणे आणि वाट पाहणे. पहिली पायरी बिनखर्चाची आहे. दूध, दही आणि उरलेसुरले जेवण दोन आठवडे थांबवावे. अनेकदा एवढ्यानेच विष्ठा बांधून येते.

तसे न झाल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने एकाच प्रथिनाचा आहार सुरू करावा. मांजराने पूर्वी न खाल्लेले मांस निवडणे हे त्यातले सूत्र. मासे आणि कोंबडीवर वाढलेल्या मांजरासाठी बोकडाचे किंवा बटेराचे मांस चालू शकते. ते मीठ, मसाला, कांदा, लसूण न घालता शिजवावे आणि हाडे काढून टाकावीत. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शिजलेले हाड आतड्यात रुतते. प्रथिनांचे अतिसूक्ष्म तुकडे करून बनवलेले तयार खाद्यही मिळते. ते महाग असते. पण प्रतिकारयंत्रणेला ते सहसा ओळखता येत नाही आणि पोषणाच्या दृष्टीने ते परिपूर्ण असते.

केवळ उकडलेल्या मांसात कॅल्शियम पुरेसे नसते आणि शिजवण्याच्या पाण्यात टॉरिनही निघून जाते. म्हणून घरगुती पथ्य दोन-तीन आठवड्यांच्या परीक्षेपुरते ठीक. पुढे न्यायचे तर त्यात कोणती पूरक द्रव्ये घालायची हे पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. मूत्रपिंडे दुबळी असलेल्या मांजराला हा प्रयोग परस्पर करू नये.

नवा आहार एकदम देऊ नये. आठवडाभरात जुन्याचे प्रमाण घटवत नव्याचे वाढवावे. पोटाच्या तक्रारींत गुण आला तर तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत दिसतो. खाज, केस गळणे ही लक्षणे जोडीला असल्यास आठ आठवडे थांबावे लागते. या काळात शेजारच्या घरचे दूध, अंगणातील पाल किंवा एक बोंबीलही साऱ्या परीक्षेवर पाणी फिरवतो. मांजर घरातच ठेवावे आणि शेजाऱ्यांना तशी कल्पना द्यावी. गुण आल्यावर जुने अन्न पुन्हा थोडे देऊन पाहावे. तक्रार परत उद्भवली तरच निदान पक्के झाले असे समजावे.

वही आणि तराजू

या साऱ्यात सर्वांत उपयोगी साधने दोन. एक वही : त्यात रोज काय खाल्ले, उलटी कधी आणि कशी झाली, विष्ठा कशी होती, एवढेच टिपावे. दुसरा तराजू. चार किलोच्या मांजराचे वजन ४०० ग्रॅमने घटणे म्हणजे साठ किलोच्या माणसाने सहा किलो गमावणे. केसाळ अंगावर ही घट नजरेला दिसत नाही. किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर ती लगेच कळते. पंधरा दिवसांतून एकदा पिशवीत किंवा टोपलीत बसवून वजन करावे आणि टोपलीचे वजन वजा करावे.

वृद्ध मांजराचा वास ओळखण्याचा कस कमी होतो. अन्न कोमट करून, दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. जुलाब असलेले मांजर अशा दिवसांत काही तासांत कोरडे पडते. घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे आणि कोरड्या खाद्यात पाणी मिसळावे.

हे टाळावे

पोटाला आराम म्हणून मांजराला लंघन घडवू नये. दोन-तीन दिवस अन्न न मिळाल्यास, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेतते. चोवीस तास अन्नाला तोंड लावले नाही तर पशुवैद्यकाला कळवावे.

माणसांची औषधे देऊ नयेत. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करणारी यंत्रणा त्याच्या यकृतात अपुरी असते. कच्चे मासे रोज देऊ नयेत. काही जातींच्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. सुक्या मासळीतले मीठही म्हाताऱ्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

बोका मातीत वारंवार बसून कुंथत असेल, तर ते बद्धकोष्ठच असेल असे गृहीत धरू नये. लघवी अडल्यासही तो तसाच कुंथतो, आणि ती अडल्यास दिवस-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. विष्ठेत रक्त, काळी डांबरासारखी विष्ठा, सतत उलट्या, पिवळट हिरड्या ही लक्षणेही त्याच दिवशी उपचार मागतात.

दुधाची वाटी पुढे करणे ही मांजरावरच्या मायेची जुनी रीत आहे. ती वाटी उचलून तिथे मांस आणि पाणी ठेवणे मनाला कठोर वाटते खरे. पण पथ्य नेमाने पाळले तर मांजराचे पोट सुधारते; आणि नाहीच सुधारले, तर पशुवैद्यकापुढे उघडायला वही हाताशी असते.