गाजरगवत आणि पावसाच्या माथी मारलेला दोष

जालना जिल्ह्यात गाजरगवताचा विषय निघाला की हल्ली एक उत्तर तयार असतं: हवामान बदललं, पाऊस लहरी झाला, त्याला आपण काय करणार? या पूर्वपक्षात तथ्य आहे, पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष टिकत नाही.

आधी तथ्य पाहू. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की गाजरगवत जोमानं वाढतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. त्याला ठरावीक हंगाम लागत नाही. ओल मिळाली की उगवतं, महिना-सव्वा महिन्यात फुलतं आणि एकेक मोठं झाड पंधरा-वीस हजार बिया टाकतं. मृगाची सर पडून पावसानं ओढ दिली तर पेरणी मोडते, हे तण मात्र तगून राहतं. त्याची पानं खाणारा मेक्सिकन भुंगा १९८३ मध्ये भारतात आणला गेला. तो कोरड्या दिवसांत जमिनीत सुप्त पडून राहतो आणि पावसाळा सुरू झाला की वर येतो. पावसानं वेळापत्रक मोडलं की तण पुढे आणि भुंगा मागे, असं होऊ शकतं.

आता उत्तरपक्ष. पहिला आक्षेप काळाचा. पुण्यात हे तण १९५५ मध्ये दिसलं आणि पुढच्या काही दशकांत देशभर गेलं. तेव्हाची तापमानवाढ आजच्या मानानं किरकोळ होती. मग एवढा प्रवास घडवला कुणी? धान्याची पोती, ट्रकची चाकं, मुरमाचे ढीग, शेणखत आणि पाटाचं पाणी यांनी.

दुसरा आक्षेप जागेचा. एकाच शिवारात, एकाच पावसात सडकेच्या साइडपट्टीवर, उकिरड्याभोवती, पडीक वावरात गाजरगवत कमरेएवढं होतं. शेजारच्या माळावर कुसळी आणि पवन्या दाट असेल तर तिथं ते तुरळकच. तरोटा गच्च उगवला की त्याखाली गाजरगवताची रोपं दबून जातात. पाऊस दोन्हीकडे तोच असतो, फरक उघड्या आणि झाकलेल्या जमिनीचा असतो.

यावर कुणी म्हणेल, जमीन उघडी पाडतो तो दुष्काळच ना? २०१२-१३ मध्ये जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, शेतकऱ्यांना झाडं तोडावी लागली. हे खरंच आहे. दूरच्या ताहिती बेटावरही असंच घडलं. १९३७ मध्ये मिकोनिया हे झाड तिथं शोभेसाठी लावलं गेलं, पुढे चक्रीवादळांनी जंगल मोडलं तिथं ते फोफावलं आणि आज बेटाच्या सुमारे दोन-तृतीयांश भागावर ते पोचलं आहे. वादळानं जागा दिली, पण रोप माणसानं आणलं होतं. म्हणजे हवामान दार उघडतं, बी आणून टाकण्याचं काम आपलंच.

शिवाय बी तयार करणारी जागा बहुतेक वेळा कुणा एकाची नसते. सडकेची कड, गायरान, कालव्याचा काठ, शाळेमागचं मैदान, यांचा धनी कोण? बांधाआतलं तण शेतकरी खुरप्यानं काढतो आणि बांधाबाहेरून पुन्हा बी येतं. हा दोष पावसाच्या खात्यावर टाकला की ग्रामपंचायतही सुटते आणि रस्ता करणारं खातंही.

म्हणून मंडन असं: पहिल्या पावसानंतर, फुलोऱ्याआधीच, ओल असताना तण मुळासकट उपटावं. अंगाला खाज येते, दमाही उठतो, तेव्हा हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. फुललेली झाडं शेणखतात टाकू नयेत. तरोट्याचं बी हिवाळ्यात गोळा करून पावसाच्या तोंडावर उघड्या जागी फेकावं. सामाईक जागेचं काम पंचायतीनं रोजगार हमीसारख्या कामांच्या आराखड्यात आधीच धरावं. हवामान बिघडत चाललं असेल, भुंगा उशिरा येणार असेल, तर चुकलेल्या आठवड्याची किंमत पूर्वीपेक्षा जास्त मोजावी लागेल. हवामानबदल हे हात झटकायचं कारण नाही, घाई करायचं कारण आहे.