साथ, सक्ती आणि विश्वास

झाकली मूठ सव्वालाखाची, असे आपण म्हणतो. आजाराला मात्र ही म्हण लागू पडत नाही. मुंबईच्या इतिहासातच याचे दोन दाखले आहेत.

पहिला प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस यांना मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले. सरकारने सक्ती आरंभिली. घरे तपासली, संशयितांना उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेले. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. ऑक्टोबरात सुमारे हजार गिरणी कामगार त्या रुग्णालयावरच चालून गेले. लाखो माणसांनी शहर सोडले. पुढे जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, मग इतरांना. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला आली. तीच आजची हाफकिन संस्था. विश्वास मिळवावा तो असा!

दुसरा दाखला एचआयव्हीचा. भारतात त्याचे निदान प्रथम १९८६ मध्ये मद्रासला झाले. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याच्या रक्तात हा विषाणू सापडला, तर त्याला ६४ दिवस कोंडून ठेवले. पुन्हा तीच सक्ती!

आता एक अवघड गोष्ट, पण ती स्पष्टच बोलली पाहिजे. पैशासाठी किंवा गर्दच्या पुडीसाठी पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष आपल्या समाजात आहेत. त्यांना धोका अधिक का? गुदसंबंधात हा विषाणू अधिक सहज शिरतो. गिऱ्हाईक निरोध नको म्हणाले, तर गरजू माणसाला नाही म्हणणे जड जाते. नशेची तलफ आली, तर आणखीच जड. एकच सुई दोघांनी टोचली, तर रक्तातूनही लागण होते. त्यात कायद्याचा धाक. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ प्रमाणे असा संबंध हा गुन्हाच होता. डॉक्टरांपुढे खरे बोलणे म्हणजे गुन्हा कबूल करणे! मग दुखणे अंगावर काढणे आलेच.

ही कोंडी फोडण्याचे काम मुंबईत अशोक राव कवी यांनी केले. १९९० मध्ये त्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले; १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला. अशा पुरुषांमधलेच कार्यकर्ते त्यांच्यापर्यंत गेले, निरोध दिले, तपासणीची वाट दाखवली. परंतु २००१ मध्ये लखनौला असेच काम करणाऱ्यांना पोलिसांनी अटक केली. २००६ मध्ये खुद्द सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेने न्यायालयात सांगितले की, या कलमामुळे आमच्या कामाला अडथळा होतो. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. त्याच महिन्यात एचआयव्ही-एड्स कायदा अमलात आला. संमतीवाचून तपासणी नको, नाव गुप्त राहावे, भेदभाव नसावा, हे त्याचे सार.

एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून औषधे मोफत मिळू लागली. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, गावचे तरुण पोटासाठी शहरात जातात. कोण कोणत्या अडचणीत सापडेल, सांगता येत नाही. त्यांना १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक सांगून ठेवा. आणि एखादा आजारी होऊन परत आला, तर त्याला ‘हे कुठून आणलेस?’ असे विचारण्याआधी ‘औषध चालू आहे ना?’ एवढे विचारा.