मुक्या माराचा इतिहास

आपल्या समाजाचा इतिहास लिहायला कुणी बसले की तो किल्ल्यापासून सुरू होतो आणि मकबऱ्यापाशी संपतो. कोणत्या सुलतानाने कोणाला हरवले, कोणती मशीद कोणत्या साली बांधली, हे आम्हीही शाळेत शिकवतो आणि ते शिकवलेच पाहिजे. पण त्या मशिदीचे दगड ज्यांनी डोक्यावर वाहिले, त्यांच्या कमरेचे पुढे काय झाले हे कोणत्याही तवारीखमध्ये सापडत नाही.

आम्हाला हा प्रश्न पडला तो अगदी क्षुल्लक कारणाने. वर्गात खडू पडला, उचलायला वाकलो आणि उजव्या गुडघ्यातून असा कट्ट आवाज आला की पहिल्या बाकावरची मुले हसली. वय अवघे ३६. घरी येऊन सांगितले तर अम्मी म्हणाल्या, "अभी से?" आणि नकळत स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांचे गुडघे १२ वर्षांपासून दुखतात, हे आम्हाला त्या दिवशी कळले. एकाच घरात राहून.

आमचे घराणे पिंजाऱ्यांचे. यवतमाळ जिल्हा म्हणजे कापसाचा जिल्हा. इथे कापूस पिकवणारा, वेचणारी, गाडीत भरणारा, जिनात काम करणारा या सगळ्यांच्या अंगात कापूस कुठे ना कुठे मुरलेला असतो. दादा थंडी पडायच्या आधी खांद्यावर पिंजण घेऊन दारव्हा, दिग्रस, आर्णीकडच्या गावांत फिरत. पिंजणाची लांब कमान वर टांगायची, डाव्या हाताने धरायची आणि उजव्या हातातल्या लाकडी ठोक्याने तिच्या तातीवर दिवसभर प्रहार करायचे. एका गादीसाठी किती प्रहार लागत ते कुणी मोजले नाही. दादांचा उजवा खांदा मात्र डाव्यापेक्षा खाली उतरला होता, आणि शेवटची काही वर्षे त्यांना शेरवानीच्या बाहीत हात घालायला दुसऱ्याची मदत लागे. इंग्रजांच्या काळात कापूस वाहून न्यायला मूर्तिजापूर ते यवतमाळ अरुंद रूळमार्ग टाकला गेला, जिला लोक लाडाने ‘शकुंतला’ म्हणतात. त्या गाडीवर लेख निघतात, माहितीपट निघतात. तिच्यात गाठी चढवणाऱ्या हमालांच्या मानेवर एकही नाही.

बोलीभाषेने मात्र ही नोंद ठेवली आहे. लचक, चमक, उसण, कळ, ठणक, आखडणे, मुरगळणे हे सगळे वेगवेगळे दुखणे आहे आणि वऱ्हाडातला कोणताही म्हातारा त्यांत गल्लत करणार नाही. सगळ्यांत नेमका शब्द ‘मुका मार’. रक्त नाही, जखम नाही, दाखवायला काही नाही. म्हणून तो मुका. उर्दूतही मोच वेगळी, टीस वेगळी, कसक वेगळी.

असाच फरक हजार वर्षांपूर्वी एका हकिमाने करून ठेवला होता. शेख-उर-रईस इब्न सीना (९८० ते १०३७) यांच्या ‘अल-कानून फित-तिब’ या पाच भागांच्या ग्रंथात, पहिल्याच भागात, थकव्यावर विवेचन आहे. थकवा म्हणजे ‘इया’. एक फोडासारखा ठणकणारा, ज्यात स्पर्शही नको वाटतो; दुसरा अंग ताणल्यासारखा; तिसरा सूज आल्यासारखा, अंग तापलेला. मालिशचेही प्रकार: जोराची मालिश अंग घट्ट करते, हलकी मालिश ते सैल करते. त्याच भागात म्हाताऱ्यांच्या दिनचर्येवर स्वतंत्र विवेचन आहे. वृद्धांचा मिजाज थंड आणि कोरडा, म्हणून त्यांना ऊब आणि ओलावा द्यावा, तेलाची बेताची मालिश, कोमट पाण्याची अंघोळ, पुरेशी झोप, झेपेल एवढीच हालचाल. यातले बरेच जालिनूस या यूनानी वैद्याकडून आलेले होते आणि इब्न सीनांनी ते लपवलेले नाही. गर्मी-सर्दीचा सिद्धांत आज कुणी शास्त्र म्हणून मानत नाही. पण दुखऱ्या म्हाताऱ्याला नुसते पडून राहू देऊ नका, त्याला झेपेल तेवढे हलवा, हा सल्ला आजचे अस्थितज्ज्ञही देतात.

ही तिब आमच्या वऱ्हाडात आली तेव्हा ती एकटी राहिली नाही. मुहंमद कासिम फरिश्ता हे नाव आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत आहे. ते लहानपणी अहमदनगरला आले, निजामशाहीत वाढले आणि १५८९ मध्ये विजापूरला इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्याकडे गेले. १५७४ पासून १५९६ मध्ये मोगलांकडे जाईपर्यंत वऱ्हाडही निजामशाहीतच होता, म्हणजे फरिश्ता काही काळ आमच्याच राज्यातले म्हणायचे. या फरिश्तांनी ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ नावाचा वैद्यकावरचा ग्रंथ लिहिला. या देशातल्या वैद्यांचे ज्ञान मुसलमान हकिमांना कळावे, हा त्याचा हेतू. ‘आपली तिब’ म्हणून छाती फुगवणाऱ्या आमच्या काही मित्रांना आम्ही हे मुद्दाम सांगतो.

घरातली औषधे पाहिली तर हे मिश्रण अधिकच दाट दिसते. दादी मुक्या मारावर आंबेहळद आणि तुरटी उगाळून गरम लेप देत. सांधा धरला की रुईची पाने तेल लावून तव्यावर गरम करून बांधत. (इथे आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांची नेहमी फजिती होते, उर्दूत रूई म्हणजे कापूस, मराठीत रुई म्हणजे ते दुधी चिकाचे झाड. दादींना दोन्ही रुया माहीत होत्या. एकीने खांदा मोडला, दुसरीने शेकला.) निर्गुडीचा पाला पाण्यात उकळून शेक, मिठाची पुरचुंडी, कांडवेल. केळापूर, झरीकडच्या कोलामांकडून मोहाच्या बियांचे तेल येई. आणि उसण भरली की दादी शेजारच्या एका पायाळू काकूंना बोलावत. पायाकडून जन्मलेल्या माणसाने कमरेला पाय लावला की उसण जाते, ही समजूत. काकू देवळात जाणाऱ्या, दादी पाच वक्तांच्या नमाजी. दोघींनाही त्यात काही वावगे वाटत नसे. उसण जाई का? दोन-तीन दिवसांत ती तशीही जातेच.

तयार औषध आले ते मात्र हैदराबादहून. पैनगंगेपलीकडे निजामाचे राज्य, अलीकडे वऱ्हाड. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला, १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने दिला गेला, पण माणसांचे येणेजाणे तुटले नाही. पांढरकवड्याहून आदिलाबादमार्गे हैदराबाद, ही वाट आमच्या लोकांच्या पायाखालची. याच वाटेने उमरखेड, पुसद, पांढरकवड्याच्या घराघरांत ‘जिंदा तिलिस्मात’ची कुपी पोचली. हकीम मुहंमद मोइजुद्दीन फारुकी यांनी १९२० मध्ये हैदराबादला हे औषध सुरू केले. कुपीवर हबशी शिपायाचे चित्र. निजामाच्या फौजेत आफ्रिकेतून आलेल्या हबशांचे पथक होते, त्याची ती आठवण. आत नीलगिरीचे तेल, कापूर, पुदिन्याचे आणि ओव्याचे सत्त्व, आणि लाल रंगासाठी रतनजोत. डोके दुखो, पोट दुखो, गुडघा दुखो, कुपी एकच. त्याच्याही आधी, १८९३ मध्ये, काशीनाथुनी नागेश्वरराव या तेलुगू गृहस्थांनी मुंबईत ‘अमृतांजन’ काढले होते. आमच्या ताकात दोन्ही शेजारी शेजारी असत.

या कुप्यांनी दुखणे बरे होत नाही, हे आम्ही अम्मींना सांगायचा प्रयत्न केला होता. पण त्या अगदीच चुकीच्या नाहीत. पुदिन्याचे सत्त्व कातडीतल्या गारवा ओळखणाऱ्या तंतूंना चेतवते आणि मेंदू काही वेळ तिकडे गुंततो. उष्णतेचे आणि स्पर्शाचे असे ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ चे नोबेल मिळाले. गारव्याचा ग्राहक त्या दोघांनी वेगवेगळे काम करून शोधला, तोही याच सत्त्वाच्या मदतीने. अम्मींना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मला आधीच माहीत होतं."

सुरंजानची गोष्ट याहून गंभीर. हकीम लोक सांधेदुखीवर, विशेषतः पायाचा अंगठा लाल होऊन सुजणाऱ्या निक्रिसवर, माजून सुरंजान देत आले. सुरंजानच्या जातकुळीतल्या युरोपातल्या कंदातून १८२० मध्ये कोल्चिसीन वेगळे काढले गेले आणि ते आजही निक्रिसवर दिले जाते. मात्र त्याची मात्रा थोडी चुकली तरी ते विषच. जुने हकीम जातीवंत होते म्हणून ते तोलून देत. आज बाजारात ‘देशी’ म्हणून जी बिनलेबलची पुडी मिळते, तिचा गुण दोन दिवसांत येतो, कारण अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉईड किंवा वेदनाशामक गोळीची पूड मिसळलेली सापडली आहे. गुडघा थांबतो, मूत्रपिंड जाते. आमच्या मोहल्ल्यात ही पुडी घेणारे सुशिक्षितही आहेत, हे लिहिताना लाज वाटते.

आणि मोडलेल्या हाडांचे? त्यासाठी जर्राह होते, फौजेबरोबर फिरून जखमा बांधणारे. फौजा गेल्या, जर्राह गावात राहिले. त्यांच्या जोडीला आखाड्यातले पहिलवान. अब्बा १९७२ च्या दुष्काळात, १७ वर्षांचे असताना, दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथे घसरून पडले, कोपर निखळले. एका पहिलवानांनी ते बसवले, बांबूच्या कामट्या लावून पट्टी आवळून बांधली. रात्री बोटे निळी पडली. सकाळी पट्टी सोडली नसती तर हात गेला असता. तो हात आजही पूर्ण सरळ होत नाही. पण अब्बांसमोर त्या पहिलवानांना नावे ठेवायची सोय नाही. "उन्होंने एक पैसा नहीं लिया," एवढेच ते म्हणतात. दवाखान्याला जायला त्यांच्याकडे एसटीचे भाडे नव्हते, हे वाक्य ते बोलत नाहीत. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले ते १९८९ मध्ये.

सूज असताना पट्टी आवळू नका, हे कुर्तुब्याच्या अल-जहरावींनी हजार वर्षांपूर्वी ‘अत-तसरीफ’च्या तिसाव्या, म्हणजे शस्त्रक्रियेच्या, भागात लिहून ठेवले होते. ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, युरोपातल्या विद्यापीठांत शिकवला गेला. आमच्या पहिलवानांपर्यंत तो पोचला नाही. अल-जहरावींच्या नावाने जलसे करणाऱ्यांनी या अंतराचा विचार करावा असे आम्हाला फार वाटते.

तुंबडीचेही असेच. पूर्वी शिंगाची तुंबडी लावणारे दारोदार येत. आमची पिढी शिकली आणि तुंबडी ‘जाहिलपणा’ ठरली. आता तीच हिजामा या नावाने, प्लास्टिकच्या पेल्यांसह, फलक लावून परतली आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर गोल डाग दिसले तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये जणू आपणच पदक जिंकल्यासारखा आनंद झाला. पाठीच्या दुखण्याला थोडा वेळ आराम पडतो असे अनेकजण सांगतात, त्यांना आम्ही खोटे म्हणणार नाही. पण पाते निर्जंतुक आहे का, लावणारा शिकलेला आहे का, हे विचारणे म्हणजे सुन्नतीचा अपमान नव्हे.

मशिदीत अलीकडे मागच्या सफेत खुर्च्या दिसतात. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर, ही सवलत हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीच्या त्रासात खुद्द पैगंबरांनी (स.) दिली, ही हदीस बुखारीत आहे. म्हणजे दुखणे सांगितले गेले, ऐकले गेले आणि त्यावर तोड दिली गेली. तरी आमचे बुजुर्ग दोन-दोन वर्षे दात आवळून सजद्यातून उठतात आणि मग खुर्ची घेतात. नमाज म्हणजे गुडघ्यांचा व्यायाम असे सांगणाऱ्या पुस्तिका निघतात. त्या आम्हाला पटत नाहीत. इबादत ही इबादत आहे, व्यायाम वेगळा करावा. डॉक्टरांनी अम्मींना मांडीचे स्नायू बळकट करायचे साधे व्यायाम दिले आहेत, पलंगावर बसून पाय सरळ करायचा आणि दहा मोजायचे. त्या तस्बीहवर मोजतात. पुरुषांसाठी मशिदीत खुर्ची आली. घरात जमिनीवर नमाज पढणाऱ्या बायकांसाठी ती आणायचे कुणाला सुचले नव्हते. आम्हालाही नाही. आम्ही आणली तेव्हा अम्मींनी महिनाभर तिच्यावर घडी केलेले कपडे ठेवले.

मागच्या सत्रात आठवीच्या मुलांना आम्ही एक काम दिले. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुठे दुखते आणि कोणत्या कामामुळे. ४१ वह्या आल्या. कापूस वेचून कंबर. बांगड्यांची टोपली वाहून डावा खांदा. शिलाई मशीनने घोटा. जिनातल्या गाठींनी मान. एका मुलीने लिहिले होते, "दादी का अंगूठा, पूरी उम्र रोटी बेलने से." एका मुलाचे पान कोरे होते, खाली एकच ओळ: "नानी बोलती है, कहीं नहीं दुखता."

आम्ही त्याची वही परत दिली आणि पुन्हा विचारून ये म्हणालो.