कोल्ट्रेनची प्रार्थना आणि दोन गिटारी

जॉन कोल्ट्रेन या काळ्या सॅक्सोफोनवादकाने ९ डिसेंबर १९६४ रोजी 'अ लव्ह सुप्रीम' ही चार भागांची रचना ध्वनिमुद्रित केली. १९५७ मध्ये तो हेरॉइन आणि दारूच्या विळख्यातून सुटला होता. त्या वर्षी ईश्वरकृपेने आपल्याला जाग आली, असे त्याने तबकडीच्या वेष्टनावर लिहिले. शेवटच्या भागात तो स्वतःच्याच कवितेचे शब्द सॅक्सोफोनवर अक्षरशः म्हणतो.

ही भक्ती आकाशातून पडलेली नव्हती. त्याचे दोन्ही आजोबा ए. एम. ई. झायन चर्चचे धर्मोपदेशक. आणि हे चर्च मुळी न्यूयॉर्कच्या गोऱ्यांच्या चर्चमध्ये अपमान सोसलेल्या काळ्यांनी १७९६ मध्ये वेगळे उभे केलेले! सप्टेंबर १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमधील बॉम्बस्फोटात चार काळ्या मुली मारल्या गेल्या. दोन महिन्यांनी कोल्ट्रेनने 'अलाबामा' वाजवले. त्याच्या प्रार्थनेमागे हा सगळा इतिहास उभा आहे.

१९६७ मध्ये कोल्ट्रेन गेला. १९७३ मध्ये इंग्लंडचा जॅझ गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन आणि मेक्सिकोत जन्मलेला कार्लोस सँटाना यांनी 'लव्ह डिव्होशन सरेंडर' ही तबकडी काढली. तिची सुरुवातच 'अ लव्ह सुप्रीम'ने होते. वादन मनापासूनचे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. 'नायमा' तर दोन साध्या गिटारींवर फार हळुवार उतरली आहे. पण नाव पाहा: प्रेम, भक्ती, शरणागती. ही न्यूयॉर्कमधील बंगाली गुरू चिन्मय यांची शिकवण. दोघेही तेव्हा त्यांचे शिष्य. वेष्टनावर पांढरी वस्त्रे, आत गुरूंचा लेख. कोल्ट्रेनचा सूर आला, बर्मिंगहॅम मागेच राहिले.

गंमत अशी की आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली होती. त्यांनी इकडून गुरू नेला. आम्ही तिकडून पँथर आणला.

म्हणून जुनी चाल उचलण्याला माझा आक्षेप नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात आजोबा विठोबाची भजने म्हणत. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर त्याच मंडळात बुद्ध-भीमाची गाणी सुरू झाली. खंजिरी तीच, चालही बहुतेक तीच. देव काढायचा, हे मात्र गाणाऱ्यांनीच ठरवले होते. 'शरण' हा शब्द त्यांनी ठेवला. तो आता बुद्धाच्या नावापुढे येऊ लागला.